उन्हाच्या पेटीतला भात

गरम भाकरी झाकून ठेवणं हा आमच्या घरात गुन्हा होता. एखादी पाहुणी बाई मदतीच्या हौसेनं टोपलीवर फडकं टाकायची आणि अव्वा, म्हणजे माझी आई, हातातलं काम सोडून धावत यायची. ‘घाम सुटतो तिला,’ म्हणत ती फडकं उचलायची, आणि ते इतक्या कळवळ्यानं म्हणायची की नव्या माणसाला वाटावं, आत एखादं तान्हं पोर निजलंय. आमचा कडक भाकरीचा धंदा होता. सोलापूरच्या बाळीवेशीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या मागं पत्र्याची शेड होती. तिथं अव्वा आणि महादेवीमावशी पहाटेपासून ज्वारीच्या भाकरी थापायच्या, हातात धरली तर पलीकडचा उजेड दिसावा इतक्या पातळ. तव्यावरून उतरलेली भाकरी आधी शेगडीच्या कडेला उभी राहायची, मग जाळीवर जायची. जाळीवर एकीवर एक रचताना मध्ये बांबूच्या बारीक कामट्या सारायच्या, म्हणजे वारा फिरता राहतो आणि भाकरी कुरकुरीत होते. वारा कोंडला की भाकरी सादळलीच. कामट्या सारायचं काम माझ्याकडं होतं, आणि अक्षरं यायच्या आधीपासून मला ते येत होतं.

सकाळचे आवाज अजून कानात आहेत. भाकरी थापल्याची थपथप, शेजारच्या गल्लीतल्या यंत्रमागांची खडखड, आणि या दोन्हींच्या वर महादेवीमावशीचा उखळातला दणका. शेंगाची चटणी यंत्रात करू द्यायला ती शेवटपर्यंत तयार झाली नाही. यंत्रातल्या चटणीला तेल सुटत नाही, नुसता भुगा होतो, असं तिचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. या आवाजांमध्येच माझी शाळा भरायची. अव्वा थापता थापता विचारायची आणि मी जाळीपाशी बसून ओरडून उत्तर द्यायची. तिचं स्वतःचं शिक्षण अक्कलकोटकडं कानडीत झालेलं. लग्नानंतर बोलायची मराठी तिनं उचलली, पण वाचायची मराठी ती माझ्याबरोबर शिकली. त्यामुळं आमच्या वर्गात गुरू कोण आणि चेला कोण हे दिवसागणिक बदलायचं. आज ‘मुलांना घरी शिकवतात’ असं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लाकडी खेळणी आणि निवांत आईबाप येतात. आमच्याकडं पीठ होतं, धूर होता आणि घाई होती.

मी घरी शिकत होते कारण मी शाळेत बोलत नव्हते. लाजत होते, कमी बोलत होते असं नव्हे. अजिबात बोलत नव्हते. घरात माझी टकळी चालू असायची, उंबरा ओलांडला की तोंडाला कुलूप. पहिलीत कुणी मारलं नाही, कुणी चिडवलं नाही, सांगण्यासारखं काही घडलंच नाही. एकदा उभं राहून नाव सांगायला सांगितलं, ते घशापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. पुन्हा ते वर आलं नाही. डॉक्टरांनी घाई करू नका म्हणून सांगितलं. दुसरीच्या मध्यात अव्वानं मला घरी आणलं. आता मला गप्प करायला घरच्यांना घड्याळाकडं बोट दाखवावं लागतं, त्यामुळं माझ्या नातीला ही गोष्ट पटत नाही. पण ती खरी आहे.

बाहेर माझं बोलणं अव्वाच्या पदरातून व्हायचं. दुकानात, दवाखान्यात, देवळात मी तिच्या मागं उभी राहायची आणि पदर धरायची. एकदा ओढला म्हणजे हो, दोनदा ओढला म्हणजे नाही. फारच काही सांगायचं असलं तर ती खाली वाकायची आणि मी कानात कुजबुजायची. मग ती माझ्या वतीनं जगाशी बोलायची. शेडमध्ये काम करताना तिचा पदर कमरेला घट्ट खोचलेला असायचा, कारण आगीशी काम. पण बाहेर निघताना उंबऱ्यावर ती तो न विसरता सोडायची. तो माझ्यासाठी सोडलेला असायचा हे मला माहीत होतं, आणि तिलाही ते माहीत होतं. याविषयी आम्ही कधी बोललो नाही.

अप्पांना, माझ्या वडिलांना, हे बघवत नव्हतं. ते मोटरसायकलवरून भाकरीची पाकिटं दुकानांत पोचवायचे. दिवसभर माणसांत बोलणारा माणूस, त्यांना मुकी पोर सोसवेना. एकदा जेवताना मी शेडमध्ये आहे असं समजून ते अव्वाला म्हणाले, ‘‘तू तिला जन्मभर पुरणार हायस का?’’ आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर अव्वानं उलट उत्तर दिलं असतं. ती ताटात कालवण वाढत राहिली, आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली. त्यानंतर असं ठरलं की जूनपर्यंत थांबायचं. तोवर पोर चार लोकांत एक शब्द बोलली तर तिच्या आवडीच्या शाळेत नाव घालायचं. नाहीच बोलली तर अप्पांच्या बहिणीकडं पुण्याला पाठवायचं, तिथं अशा मुलांची वेगळी शाळा होती. अप्पांनी वाईट विचार केला नव्हता. तरी मी रोज रात्री उशीत तोंड खुपसून ‘माझं नाव गिरिजा’ असं म्हणून बघायची. उशीला ते उत्तम ऐकू जायचं.

घरी शिकवणाऱ्या पालकांचा एक गट होता. माढ्यापासून शहरापर्यंतची मोजकी घरं त्यात होती. ऐन उन्हाळ्यात त्यांच्याकडून पोस्टकार्डावर निरोप आला की जुळे सोलापुरात एकांच्या अंगणात विज्ञानाची कार्यशाळा आहे, मुलांनी हातानं करायची, आईबापांनी सोबत यायचं. येताना पुठ्ठ्याची दोन खोकी आणायची, एक लहान, एक मोठं. अव्वानं तो निरोप वाचायला बराच वेळ घेतला आणि मग मला विचारलं, जायचं का. मी पदर शोधला, पण तो खोचलेला होता. शेडमध्ये मला तोंडानंच बोलावं लागे. मी म्हणाले, ‘‘जाऊ, पण तू बोल.’’ ती बरं म्हणाली. खोक्यांची आमच्याकडं काय वाण, भाकरी भरायची खोकी शेडच्या छतापर्यंत रचलेली होती.

कार्यशाळा नंदाताई घेणार होत्या. पूर्वी त्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायच्या. ठेंगण्या, केस कापलेले, पायांत कापडी बूट. त्यांची रीत मला त्याच दिवशी कळली आणि त्या दिवशी तरी तिचा राग आला. त्या चूक दुरुस्त करायच्या नाहीत. बघायच्या, मान हलवायच्या आणि पुढं जायच्या. त्यांनी सुरुवातीलाच पालकांना सांगितलं, की हात मांडीवर ठेवायचे, मुलांच्या कामाला बोटही लावायचं नाही. तोंडावर मात्र बंदी घातली नाही, म्हणून मी निर्धास्त होते. माझ्या शेजारी माढ्याकडची तेजू बसली होती. तिचे वडील ऊस आणि डाळिंब करायचे, आणि ती माझ्याच वयाची, अकराएक वर्षांची असून रानातल्या बांधावर बसल्यासारखी पाय सोडून ऐसपैस बसली होती. तिनं मला नाव विचारलं. अव्वानं सांगितलं. तेजूनं एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही.

त्या दिवशी करायची होती ती उन्हावर अन्न शिजवायची पेटी. लहान खोकं मोठ्यात बसवायचं, मधल्या फटीत वर्तमानपत्राचे बोळे ठासायचे, आतून काळा रंग द्यायचा, वर काच ठेवायची आणि झाकणाला आतून चंदेरी कागद चिकटवून ते ऊन आत पडेल असं तिरकं उभं करायचं. प्रत्येकाला काळा रंगवलेला छोटा डबा दिला होता. त्यात मूठभर तांदूळ, पाणी आणि मीठ घालून तो पेटीत ठेवायचा होता. मी खोकी कापली, बोळे ठासले. माझे हात कामाला सरावलेले होते, सगळं सुबक झालं. मग काच ठेवायची वेळ आली. सामानाच्या ढिगात कुल्फीच्या सपाट काड्या होत्या. मी त्यातल्या काही उचलल्या, काचेच्या चारही बाजूंना खाली सारल्या आणि वर काच टेकवली, म्हणजे सगळीकडून वारा जायला बारीक फट राहिली. हे करताना मी विचार केला नाही. हातांनी रोजचं काम केलं. अव्वा मांडीवर हात ठेवून बघत होती आणि तिच्याही काही लक्षात आलं नाही, कारण तिनं स्वतः तेच केलं असतं. नंदाताई आल्या, काड्या बघितल्या, मान हलवली आणि पुढं गेल्या.

मग वाट बघणं सुरू झालं. आमचं ऊन कसलं असतं ते सोलापूरकराला सांगायला नको. अंगणात पाय ठेवला तर फरशी चटका द्यायची. मुलं व्हरांड्यात बसली, कुणी शेंगा फोडत होतं, कुणी पाण्यात वाळा टाकून पीत होतं, आणि मधून मधून एकेक जण पळत जाऊन आपली पेटी बघून येत होता. थोड्याच वेळात बाकीच्यांच्या काचा आतून धुरकटल्या. थेंब जमले, ओघळू लागले. माझी काच लख्ख होती. मला त्या सगळ्यांची कीव आली. सगळ्यांचं सादळणार, असं मी अव्वाच्या कानात म्हणाले, आणि अव्वानं हळूच मान हलवून मला दुजोरा दिला. तेजूची काच तर इतकी घामेजली होती की आतलं काही दिसत नव्हतं. तिला सांगावं असं मला फार वाटलं. पण सांगणार कोण. आयुष्यात मी इतकी आत्मविश्वासानं चुकले नसेन. पुढं नोकरीत मोठे मोठे घोळ घातले, पण त्यात मनात कुठं तरी धाकधूक असायची. त्या दिवशी आम्ही मायलेकी व्हरांड्यात समाधानानं बसलो होतो.

जेवायच्या वेळेला पेट्या उघडल्या. तेजूच्या डब्यात भात फुलून वर आला होता, पांढराशुभ्र, वाफाळता. माझ्या डब्यात कोमट पाणी होतं आणि तळाशी तांदूळ जसेच्या तसे. मी बोटानं एक दाणा दाबून बघितला, तो टणक होता. तेवढ्यात नंदाताईंनी सांगितलं की आता एकेकानं आपल्या पेटीशी उभं राहायचं, काय केलं आणि काय झालं ते सगळ्यांना सांगायचं. माझे कान गरम झाले. मी अव्वाचा पदर धरला. फाटकाशी अप्पा आलेले दिसले. सगळ्यांसाठी भाकरी आणि चटणी घेऊन यायचं त्यांनी कबूल केलं होतं. हेल्मेट हातात घेऊन ते तिथंच उभे राहिले, पुढं आले नाहीत.

आमची पाळी आली तेव्हा अव्वा उठून उभी राहिली. मी तिच्या मागं. तिनं सगळ्यांना नमस्कार केला, आमची ओळख करून दिली आणि म्हणाली, ‘‘पोरीनं पेटी चांगली केलीय. पण आमच्या कोपऱ्यावर त्या लिंबाची सावली आली की. मग ऊन कमी पडलं, म्हणून न्हाय शिजलं.’’ कडुलिंबाचं झाड होतं खरं, पण त्याची सावली आमच्या पेटीजवळपासही आली नव्हती. मी पदर दोनदा ओढला. अव्वा सावलीबद्दल बोलत राहिली. मी पुन्हा दोनदा ओढला, जोरात, इतका की तिच्या खांद्यावरची पिन निसटली. तिनं मागं बघितलं नाही. मला वाचवण्यासाठी ती खोटं बोलत होती हे आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की माझ्या पेटीबद्दल चुकीचं सांगितलं जातंय. आणि सकाळपासून ती पेटी मी माझ्या हातानं केली होती. मला राग आला. अव्वाचा मला आधी कधी राग आला नव्हता.

‘‘सावली न्हवती,’’ मी म्हणाले.

आवाज घोगरा होता, मलाच ओळखू आला नाही. अव्वाचं बोलणं मध्येच थांबलं. मी तिच्या मागून बाहेर आले, कारण मागून बोललेलं नीट ऐकू जात नव्हतं, आणि म्हणाले, ‘‘काचेखाली मी काड्या घातल्या. वारा जायला पायजे म्हणून. न्हायतर घाम सुटतो आणि भाकरी सादळते.’’

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला वाटलं, झालं, आता पुन्हा कुलूप. तेवढ्यात तेजू उठून माझ्या पेटीशी आली, वाकून डब्यात बघितलं आणि अगदी मनापासून विचारलं, ‘‘पर ह्यात भाकरी कुटं हाय?’’

आधी महादेवीमावशीच्या वयाच्या एक आजी हसल्या, मग सगळेच. मीही डब्याकडं बघितलं. भाकरी नव्हती. तांदूळ होते, आणि तांदळाला नेमकी तीच वाफ हवी होती जी मी सकाळपासून बाहेर काढत बसले होते. मला इतकं हसू आलं की पोट धरून खाली बसावं लागलं. हसता हसता मी तेजूला म्हणाले, न्हायच की भाकरी. नंदाताई हसत नव्हत्या. त्यांनी मला विचारलं की मग भाकरी वाळवायची असती तर ही पेटी चालली असती का, आणि तेजूच्या पेटीत काय झालं असतं. मी उत्तर दिलं. त्यांनी आणखी विचारलं, मी आणखी सांगितलं. काय काय बोलले ते आठवत नाही. कामट्या, जाळी, पावसाळ्यातला आमचा त्रास, सगळं सांगितलं असावं, कारण शेवटी त्यांनीच मला थांबवलं आणि म्हणाल्या, ‘‘गिरिजा, आता काड्या काढ. ऊन अजून पुष्कळ आहे.’’

काड्या काढल्या आणि काच नीट बसवली. बाकीच्यांची जेवणं झाली, अप्पांनी आणलेल्या भाकरी कुडुम कुडुम वाजत संपल्या, पण तेजू माझ्या पेटीशी बसून राहिली. काच धुरकटायला लागली तेव्हा आम्ही दोघी एकदमच ओरडलो. ती मला तिच्या शेळ्यांची नावं सांगत होती, मी तिला मागांचे आवाज तोंडानं काढून दाखवत होते. अव्वा व्हरांड्यात एकटीच बसली होती आणि आमच्याकडं बघत होती. निसटलेली पिन तिच्या हातातच होती, ती लावायचं तिला सुचलं नव्हतं. भात झाला तेव्हा माणसं निघायला लागली होती. थोडा चिकट होता, पण शिजला होता. अप्पांनी तो उभ्या उभ्या खाल्ला आणि मीठ कमी पडलंय म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते. उन्हातून गाडी चालवून आल्यामुळं, असं त्यांनी न विचारताच सांगितलं.

घरी आल्यावर अव्वा सरळ शेडमध्ये गेली आणि जाळीवरच्या भाकरी उलथायला लागली. त्या उलथायची काहीच गरज नव्हती. मी शेजारी जाऊन बसले. भाकरी उलथता उलथता ती म्हणाली, ‘‘मी खोटं बोलले की गं.’’ मग हसली, मग रडली. मीही रडले. ती आनंदानं रडतेय असं मी पुष्कळ वर्षं धरून चालले होते, आणि आनंद होताच. पण माझी लेक पहिल्यांदा माझं बोट सोडून गेली तेव्हा मला अव्वाचं ते रडणं पुन्हा आठवलं, आणि त्यात दुसरंही काही होतं हे समजलं. पाच-सहा वर्षं ती दोन माणसांचं बोलणं बोलत होती. त्यातलं एक मी भर अंगणात, लोकांसमोर, तिच्याकडून काढून घेतलं होतं. तिला ते जड गेलं होतं, आणि तिनं ते मला कळू दिलं नाही.

पुण्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. जूनमध्ये मी जवळच्या मराठी शाळेत जायला लागले. शाळा मीच निवडली, तिच्या अंगणात लिंब होता म्हणून. पहिल्या दिवशी अव्वानं डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दिली, आणि झाकण सैल ठेवायला बजावलं. आम्ही चालत गेलो. फाटकापाशी मुलांचा गलका होता, तो ऐकून मी जागीच थांबले. मला आत जायचं नव्हतं, घरी जायचं होतं, आणि हे सांगायला माझा हात सवयीनं मागं गेला. दोनदा ओढायचं होतं. हाताला काही लागलं नाही. मी वळून बघितलं. अव्वानं पदर कमरेला घट्ट खोचला होता, शेगडीपुढं बसताना खोचायची तसा. भर रस्त्यात मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. ती माझ्याकडं बघत नव्हती, फाटकावरच्या पाटीकडं बघत होती. मी डबा छातीशी धरला. मग तोंडानंच म्हणाले, ‘‘अव्वा, येते मी.’’